पांढऱ्या मण्यांचे बेडूक

फेन : आई, झाकण काढ म्हणते ना. त्या टोपात काय आहे?

बुआलाय : आधी पाय धू. चिखलाचे पाय घेऊन चुलीपाशी यायचं नाही. तुझ्या बापाच्या शंभराव्या दिवसाचा स्वयंपाक चाललाय, शेत नाही हे.

फेन : मामाच्या खाचरातून येतेय मी. उजाडल्यापासून चारही बांध फिरले. एक जिता बेडूक दिसेल तर शपथ! मागच्या मोजणीला सत्तेचाळीस होते. आज ना दिसला, ना ओरडला. मामांनी फवारणी बंद केल्यापासून तीन वर्षांत असं कधी झालं नाही, आई.

बुआलाय : असतील कुठंतरी. बेडकांना काय हजेरी असते?

फेन : माझ्या वहीत असते. आणि तू माझ्याकडे बघत का नाहीयेस?

बुआलाय : शेपू निवडतेय. नजर शेपूवर नको?

फेन : आई.

बुआलाय : बरं बाई, आणले! मीच आणले, दादाच्या खाचरातून. चढव आता फासावर.

फेन : अगं, त्या खाचरातला बेडूक धरायचा नाही हे शेंबड्या पोरालासुद्धा माहितीये गावात. बाबांनी स्वतः पाटी ठोकलीये तिथं!

बुआलाय : पाटी गावाला. मी काय गाव आहे? नऊ भंते यायचेत, थोरले तर उबोनहून निघालेसुद्धा. शेजारपाजारची तीस माणसं. ज्या माणसानं जन्मभर बेडूक धरले, त्याच्या शंभराव्याला भोपळा वाढू?

फेन : बाजारातून आणायचे.

बुआलाय : बाजारातले कुठल्या शेतातले कोण जाणे! सगळं गाव पाठीला पंप बांधून फिरतंय. तूच ना मला शिकवलंस, औषध मारलेल्या शेतातलं तोंडात घालू नये म्हणून? तेच ऐकलं मी. अख्ख्या शिवारात तेवढं एक खाचर निर्मळ. तुझ्यामुळंच.

फेन : किती आणलेस?

बुआलाय : चाळीसेक असतील. त्यातले मण्यांचे एकतीस. दोरे कापून वाटीत ठेवलेत, फोटोपुढे. एकसुद्धा फेकला नाही. सगळे पांढरे मणी, सगळ्या त्याच्या हातच्या गाठी.

फेन : मला ती गाठ कधी जमलीच नाही. बेडूक निसटायचा. बाबा मात्र मोजलेल्या बेडकाच्या कमरेला मण्याचा दोरा बांधून म्हणायचे, झाला नवरदेव, लिही आता वहीत.

बुआलाय : कापताना रडले मी. पण एक सांगू? तू शिकलेली, हसशील.

फेन : नाही हसत. सांग.

बुआलाय : तांबडं फुटायला गेले. जाळं नाही, दिवा नाही, नुसती करंडी. म्हटलं, पाच-दहा मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं. तर काय! बांधाच्या कडेनं बसलेले सगळे. हात लावला तरी हलेनात. उचलायचा नि करंडीत ठेवायचा, झाडाखालचे आंबे वेचावेत तसे. तिथंच चिखलात गुडघे टेकले मी. म्हटलं, अहो, तुम्हीच पाठवलेत होय? जन्मभर जागून जागून धरायचात, आज आपण होऊन माझ्या ओंजळीत घातलेत.

फेन : हलेनात म्हणजे? उडी मारली नाही?

बुआलाय : एकानंही नाही.

फेन : मागचे पाय थरथरत होते?

बुआलाय : काय गं ही फौजदारासारखी चौकशी? गारठले असतील. रात्री सर येऊन गेली होती.

फेन : सरीनं बेडूक गारठत नाही, आई, नाचतो. टोप उतरव खाली.

थोंगबाय : काय चाललंय? मायलेकींची सकाळीच जुंपली का? ही घ्या केळीची पानं. मोजून चाळीस.

बुआलाय : ये, दादा. अगं बाई, आज लिंबात लोळून आलास की काय? पानांनासुद्धा वास लागलाय.

थोंगबाय : काल मासे साफ केले. म्हटलं भंतेंच्या पुढ्यात बसायचं, हाताला वास नको. काय शिजतंय?

बुआलाय : बेडूक. तुझ्याच खाचरातले. विचारलं नाही तुला, रागावू नकोस.

थोंगबाय : माझ्या खाचरातले?

बुआलाय : तुझ्याच.

थोंगबाय : कधी आणलेस?

बुआलाय : आज पहाटे.

थोंगबाय : आज. बरं. आणि कुणी खाल्ले का?

बुआलाय : भंतेंच्या आधी? माझ्या घरात? आतडी तेवढी बदकांना घातली.

थोंगबाय : सगळ्या बदकांना?

फेन : मामा, बदकांची काळजी तुम्हाला कधीपासून?

थोंगबाय : सहज विचारलं.

फेन : खाचरात औषध मारलंत?

थोंगबाय : मी? छे, छे! तीन वर्षांत बाटलीला हात लावला असेल तर हात झडो. तुला शब्द दिलाय, तुझ्या बापाला दिलाय.

फेन : मग हे बघा. या पिशवीत. दोन मेलेले बेडूक, पाण्यात उताणे पडले होते. अंगावर ओरखडा नाही. आणि पाण्यावर मेलेले कोळी तरंगत होते, मूठमूठभर. येताना सगळ्या वाटेनं मला वाटत होतं बेडकांत साथ आली. पण बेडकांची साथ कोळ्यांना कशी लागेल?

थोंगबाय : वरच्या सोमपोंगनं मारलं असेल. त्याचं पाणी माझ्याकडे उतरतं.

फेन : त्याच्या बांधाला फट नाही. मी बघून आले.

थोंगबाय : मग वाऱ्यानं आलं असेल. वाऱ्याला कुणी बांध घालावा?

फेन : आई, हे ओतून दे. खोल खड्डा करून ओत.

बुआलाय : ओतून दे? साडेदहाला भंते येतील. बारा वाजले की ते घास घेत नाहीत. मी काय रिकामी पानं मांडू त्यांच्यापुढे?

फेन : नुसता चिकट भात नि चटणी वाढ. काहीही वाढ. तीस माणसं आहेत, त्यात नोईची दोन पोरं आहेत, म्हातारी खाम आहे. कुणाला काय झालं तर?

बुआलाय : अगं पण तुझा मामा म्हणतोय ना, मारलं नाही म्हणून!

फेन : मामा खोटं बोलतायत.

थोंगबाय : बघ, लाय, बघ! अंगाखांद्यावर खेळवलं हिला, आणि आज खोटारडा झालो मी.

बुआलाय : फेन, जीभ आवर. आणि दादा, तू इकडे बघ. माझ्याकडे नको, त्याच्या फोटोकडे बघ. मारलंस?

थोंगबाय : नाही म्हटलं ना एकदा.

बुआलाय : झालं तर मग. आयुष्यात भंतेंच्या आधी पळी तोंडाला लावली नाही मी. आज लावते. आमटी पातळ झालीये, दोन घोट घेते.

फेन : आई! ठेव ती पळी!

बुआलाय : हात सोड. माझ्या थोरल्या भावाचा शब्द आहे.

थोंगबाय : लाय, अगं, कढत आहे ते.

बुआलाय : फुंकून घेते.

थोंगबाय : मीठ... मीठ नसेल पडलं अजून.

बुआलाय : तेच बघते.

थोंगबाय : टाक! टाक ती पळी! मारलं, मी मारलं औषध! काल तिन्हीसांजेला मारलं! लाय, टाक म्हणतो ना!

(पळी जमिनीवर पडते. टोप उकळत राहतो.)

बुआलाय : फेन, चूल विझव.

फेन : तू हात धू आधी. साबणानं, कोपरापर्यंत. चांगले चोळून.

थोंगबाय : अर्धाच पंप होता. नुसता कडेकडेनं मारला. मला काय माहीत हिला आजच बुद्धी होईल तिकडे जायची!

फेन : चार दिवस थांबा म्हटलं होतं मी तुम्हाला. हात जोडून म्हटलं होतं.

थोंगबाय : आणि तेवीस कोण म्हणालं? गुरुवारी भाताचा एकेक चूड हलवून हलवून तूच मोजलेस. चुडाला तेवीस तुडतुडे, मामा. असं म्हणालीस, माझ्याकडे कॉफी प्यालीस आणि गेलीस निघून. तुझा तो वहीतला आकडा गं. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा ह्याच तुडतुड्यांपायी आठ दिवसांत अख्खं शिवार करपलं होतं, पेटवून दिल्यासारखं. तुझी आजी रानातले कंद उकडून आम्हाला घालायची नि स्वतः पाणी पिऊन निजायची. लाय अंगावर पीत होती, तिला काय आठवणार? मला आठवतं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. वर तो सोमपोंग रोज बांधावर उभा राहून टोमणे मारतो, भाचीच्या वहीपायी भात वाळव म्हणून.

फेन : मग मला सांगायचं. ओरडायचं माझ्यावर.

थोंगबाय : तुला सांगितलं असतं तर तुझी तीन वर्षं पाण्यात गेली असती. म्हटलं, गुपचूप मारू. भातही वाचेल, पोरीची वहीही वाचेल. बेडूक काय, जातील दोन दिवस शेजारी, येतील परत.

फेन : तुडतुडे आहेत तसेच आहेत, मामा.

थोंगबाय : काय म्हणतेस?

फेन : सकाळी वीस चूड बघितले. बावीस, चोवीस, सव्वीस. ते बुंध्याशी बसतात, पाण्याच्या वर चार बोटं. तुमचं औषध पडलं पानांवर. कोळी मेले, बेडूक गेले. आता तुडतुड्यांना खाणारं कुणी उरलं नाही तिथं.

थोंगबाय : मग आता भाताचं काय होणार?

फेन : माहीत नाही.

थोंगबाय : असं म्हणू नकोस गं. एवढी शिकलीस तू.

फेन : खरंच माहीत नाही, मामा. मलाही भीती वाटतेय.

थोंगबाय : वहीत काय लिहिणार?

फेन : फवारणी झाली. तारीख, वेळ.

थोंगबाय : आणि कुणी केली ते?

फेन : लिहावं लागेल.

थोंगबाय : लिही. सगळं नाव लिही. नुसतं शेतमालक असं नको लिहूस. पाटीवर माझं नाव आहे, वहीतही असू दे.

बुआलाय : तू आलास तेव्हाच कळलं होतं मला.

थोंगबाय : काय कळलं होतं?

बुआलाय : आपला बापसुद्धा औषध मारून आला की लिंबानं हात घासायचा. मासे काय तू कालच साफ केलेस जन्मात? एरवी कधी नाही घासलेस हात लिंबानं.

थोंगबाय : कळलं होतं, आणि तरी पळी उचललीस?

बुआलाय : तू बोलशील म्हणून उचलली.

थोंगबाय : आणि नसतो बोललो तर?

बुआलाय : तर प्यायले असते. मग तुला शंभर दिवसांनी परत हाच स्वयंपाक करायला लागला असता. डोळे पूस. तीस माणसं यायचीत.

फेन : आई, असलं बोलू नकोस.

बुआलाय : का नको बोलू? माझं फार दुखलंय आज. औषधाचं नाही एवढं वाटत. पहाटे मी त्याला हाक मारली होती, फेन. त्या चिखलात बसून. मला वाटलं त्यानं ऐकलं. शंभर दिवसांत पहिल्यांदा वाटलं.

फेन : आई, ये इकडे.

बुआलाय : नंतर. आता भोपळा काप. अंडी किती आहेत बघ. दादा, तू मागं खड्डा कर, कमरेएवढा. टोप त्यात ओत, वरून चुना घाल. आणि बदकं आधी कोंड.

थोंगबाय : दोन तळ्याकाठी मान टाकून बसलीत. येताना दिसली. मला वाटलं ऊन खातायत.

बुआलाय : ती वेगळी ठेव. आणि भंते आले की बेडूक का नाहीत ते तूच सांगायचंस. मी नाही, फेन नाही.

थोंगबाय : सगळ्यांसमोर?

बुआलाय : सगळ्यांसमोर. सोमपोंगही येईल जेवायला, त्यालाही ऐकू दे.

थोंगबाय : सांगेन.

फेन : आई, ही घागर कसली? फडकं बांधलंय वर.

बुआलाय : हळू, हळू! एक ठेवलाय मी त्यात बाजूला. जिता आहे.

फेन : अगं! बघू. हो, पाय ताणतोय हा. पाणी बदललं होतंस?

बुआलाय : तीनदा. पावसाचं पाणी घातलं, रांजणातलं. ह्याचा दोरा नाही कापला मी. तुझा बाप दर खेपेला शेवटचा बेडूक सोडून द्यायचा ना, तसा हा ठेवला. भंतेंची सुत्तं म्हणून झाली की ह्याला त्याच्या नावानं सोडायचा. तेवढं तरी त्याला पोचेल.

फेन : मामाच्या खाचरात नको सोडूस.

बुआलाय : नाही गं. सोमपोंगच्या?

फेन : तो तर दर पंधरवड्याला मारतो.

बुआलाय : मग तळ्यात सोडू?

फेन : सगळ्यांचं पाणी तिथंच उतरतं, आई.

बुआलाय : ओढ्याकाठी?

फेन : तिथं दोन्ही बाजूंना शेतंच आहेत.

बुआलाय : दादा, कुदळ ठेव जरा खाली. इतकी वर्षं तुझंच एक खाचर होतं आम्हाला. आता तूच सांग, ह्याला सोडू कुठं?