हौद्यातले संचालक

—अहो नाना, उतरू नका! उतरलात की सगळं मुसळ केरात. तुमी बूड उचललं की गाडीचं बूड उचलतं, स्प्रिंगचे पाटे सरळ होतात, मग माझा अर्धा आवळलेला बोल्ट काय कामाचा? बसा तसंच. मागच्या फळीला टेकून बसा — न्हाई, तिकडं न्हाई, तिथं ग्रीसचा डबा हाय — बसलात का डब्यात? न्हाई ना? मग झालं तर. मी गाडीखाली हाय, मला दिसत न्हाई, पण ऐकू येतं. आता तुमची काठी वाजली. सूर्य बघताय होय? बघू नका, डोळ्यांना त्रास होतो. हे बघा, पाट्याच्या टोकाला रबरी बुश असतो. त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, वर वजन असतानाच आवळायचा. जॅकवर चढवून आवळला की गाडी खाली घेतल्यावर रबराला पीळ पडतो आणि महिन्यात फाटतं. आमच्या दादांचा लाडका फिटर पंचवीस वर्षं जॅकवर चढवूनच आवळतो. मी विचारलं, कावून? तर म्हणतो, आमी असंच करतो. आणि दादा मान हलवतात! जन्म दिलेल्या बापानं फिटरचं ऐकायचं आणि फिजिक्स शिकलेल्या पोरीला म्हणायचं, तू आत जा, चहा टाक.

पेंडीची पोती कावून ठेवली न्हाईत? अहो, पेंड शिल्लक असती तर म्हशीनं खाल्ली नसती का? पाण्याची टाकी? टाकी हाय, पाणी कुठंय? टँकर आठ दिवसांनी येतो. त्यातलं पाणी मी गाडीला वजन म्हणून ठेवलं तर आई मला त्याच टाकीत बुडवील. म्हणून तुमी. घोंगडीसकट सत्तर किलो भराल. येता येता जरा हौद्यात बसा म्हटलं तर काय बिघडलं? सभेला जायचंय, माहितीय मला. अकराला ना? लई वेळ हाय अजून. स्टूल? स्टूल मी खाली घेतलं, त्याच्यावर पाने ठेवलेत. पाने मातीत ठेवत न्हाईत, नाना.

आता वाका थोडं — पडू नका — हा खालचा जाड पाटा दिसतोय? हा कंपनीचा न्हाई. नेकनूरला भंगारात एक जुनी जीप पडली होती, तिचा. ग्राइंडर लावून टोकं मीच बारीक केली, व्हिडिओ बघून. रिकाम्या गाडीत हा नुसता बसून असतो, काही करत न्हाई, दूध सोसायटीच्या संचालकासारखा — तुमाला न्हाई म्हटलं! भार वाढला, वरचे पाटे वाकले, की मग हा खालून हात देतो. म्हणजे भरली गाडी बसत न्हाई आणि रिकामी गाडी उडत न्हाई. शॉकअप पण बदलले चारी. कावून? दुधासाठी. कॅनमध्ये दूध घुसळत गेलं, वर हे असलं ऊन, की पाटोद्याला पोचेपर्यंत वास सुटतो. केंद्रावरचा माणूस झाकण उघडतो, वास घेतो, झाकण लावतो. बोलत पण न्हाई. संपलं. औंदा रानात काय हाय दुसरं? विहिरींचा खडक उघडा पडलाय. घरोघर जे काय चाललंय ते दोन म्हशींवर चाललंय. आणि आजच्या सभेत तुमी सगळे मिळून ते दूध वाहायचं काम राधाकिशनरावांच्या भाच्याच्या गाडीला देणार! नवी कोरी गाडी, मान्य. पण तो उठतो कधी? नऊला. मी चेअरमनच्या तोंडावर सांगितलंय — दूध तुमच्या भाच्यासाठी झोपून राहत न्हाई. तेव्हापासून राधाकिशनराव दादांना म्हणतात, पोरीचं बघा आता. आणि दादा म्हणतात, ही गाडी आणि तू एकाच वयाच्या, दोघींना एकदमच दुसऱ्याच्या दारात पाठवतो.

हॉर्न? ती एसटी हाय. अकराची न्हाई हो, ती दहाची. लेट हाय. रोजच लेट असते. द्या, तो तुमच्या पायाशी राहिलेला बारा नंबरचा पाना सरकवा — उठू नका! काठीनं सरकवा. हां.

मी कसं ठरवलंय सांगू? एक तारखेपासून सहाला गावातून निघायचं. आधी खालची आळी, मग मळा, मग शाळेपाशी, मग सरळ डांबरी धरायची. साडेसातला केंद्रावर. ऊन चढायच्या आत दूध थंड. कागदावर नकाशा काढून दिलाय सगळ्या संचालकांना. तुमाला पण दिला असता, पण तुमी चष्मा — वस्ती? तुमची वरची वस्ती? ते बघू ना पुढं. न्हाई, नकाशात हाय की — म्हणजे नकाशात डोंगर हाय. हसताय कावून? वरच्या वस्तीचं मी मनात धरलेलंच हाय. एकदा गाडी सुरू झाली, बस्तान बसलं, की दुसऱ्या टप्प्यात. असले निर्णय भावनेवर घ्यायचे नसतात, नाना, वेळेचं गणित असतं. तुमच्यासोबतच्या संचालक केशरकाकूंचंच बघा. त्या काय सहज तयार झाल्या? मला म्हणाल्या, मनकर्णे, तू वस्तीचा डोंगर चढून उतरून येईस्तोवर आमचं दूध ओट्यावर तापणार, मग भाच्याची गाडी काय वाईट? मी म्हटलं, काकू, वस्तीवर न्हाई जाणार, शब्द देते. तेव्हा कुठं त्यांनी मत—

—म्हणजे आत्ता न्हाई जाणार, असं.

नाना?

काठी वाजवा ना. झोपलात का? अहो, तसा न्हाई त्याचा अर्थ. एक वस्ती सोडली की तीन मतं मिळतात — कोणीही हेच केलं असतं. राधाकिशनराव तर वस्तीचं नाव पण घेत न्हाईत. मी निदान दुसरा टप्पा म्हणते. तुमच्या बायका डोक्यावर किटल्या घेऊन तीन किलोमीटर उतरतात, माहितीय मला, रोज बघते मी. बघूनच तर — हे बघा, माणसानं आधी निवडून यायचं असतं, मग चांगलं वागायचं असतं. हे काय मी शोधून काढलं न्हाई, तुमच्याच पिढीनं शिकवलंय.

काय म्हणालात? साडेअकरा? छे, तुमच्याकडं घड्याळ कुठंय? — सावलीवरून? बरं. बरं! वाजलेत साडेअकरा. ओरडू नका. हो, मुद्दाम बसवलं. तुमच्या सत्तर किलोनं पाट्याला काय फरक पडतो? बोटभर पण न्हाई. तो शेवटचा बोल्ट मी तीनदा सैल करून तीनदा आवळलाय. मग काय करणार? सात संचालक. राधाकिशनराव धरून त्यांचे तीन. केशरकाकू धरून माझे तीन. सातवे तुमी, आणि तुमी तर बायकोला पण सांगत न्हाई मत कोणाला देणार ते. दरवेळी शेवटी राधाकिशनरावांकडं बघता आणि हात वर करता, असं ऐकलंय. तुमी तिथं नसलात की तीन-तीन. तीन-तीन झालं की चिठ्ठी. चिठ्ठीत निदान निम्मा चान्स माझा. गणित हाय, नाना. स्टूल काढून घेतलं हे वाईट केलं, त्याबद्दल चहा पाजते, पण गणित—

आता कावून हसताय? इतकं हसण्यासारखं काय हाय? हौदा हलतोय माझ्या डोक्यावर! — काय? कोणाचं मत? अध्यक्षाचं जादा मत? म्हणजे राधाकिशनराव आधी एकदा हात वर करणार आणि बरोबरी झाली की पुन्हा वर करणार? हे कोणी ठरवलं? पोटनियमात हाय? पण सरपंचाच्या वेळी तर चिठ्ठी टाकली होती, अख्खं गाव जमलं होतं! — ते वेगळं आणि हे वेगळं होय. कोणी सांगायचं मला हे? तुमी इथं तासभर बसलाय! बावीस वर्षं संचालक आहात आणि एक तास तोंड उघडता येत न्हाई? — मी बोलू दिलं न्हाई. हां. हे बरोबर हाय.

थांबा, बाहेर येते. सरका. आई गं, कोपर. म्हणजे मी तुमाला इथं बसवून भाच्यालाच निवडून दिलं की! उठा, उठा नाना, स्टूल लावते, हात द्या. पळत गेलो तर अजून — कावून पळायचं न्हाई? साडेबारा? राधाकिशनराव साडेबाराच्या आत सभेला कधीच आले न्हाईत? बावीस वर्षांत एकदा पण न्हाई? मग तुमी इतक्या लवकर कशाला निघाला होता घरातून? — गाडी बघायला. माझी गाडी. म्हणजे तुमी इथंच येणार होता. आणि मी स्टूल लपवलं. नका ना हसू आता. माझं तोंड बघून हसताय, ग्रीस लागलंय म्हणून, असं समजते मी.

मग चला, बघितली ना गाडी? केबिनमध्ये बसा, ऐटीत सोडते सभेच्या दारात. बसत न्हाई? मग — तिकडं कुठं काठी करताय? वर? वस्तीकडं? आत्ता? न्हाई. नाना, न्हाई. काय पण बोलता. पाटे आजच बसवलेत, एकदम चढाला न्यायचे नसतात, आधी सपाटीला फिरवायचे असतात — हो, असतंच तसं, व्हिडिओत हाय. तिसऱ्या वळणाला तो कातळ हाय. डिझेल पण कमी हाय. आणि ऊन बघा. आणि दादा ओरडतील. मला कातळाची भीती वाटते असं म्हणायचंय का तुमाला? मला? गावात बुलेट चालवणारी मी एकटी पोरगी हाय.

—तुमी कसलं बघितलं? मागच्या उन्हाळ्यात? कडबा घेऊन आलतो तेव्हा? तेव्हा दादा चालवत होते गाडी. गावाला विचारा. मेन पाटा तुटला तेव्हा दादाच —

बघितलं तुमी.

हो. मी चालवत होते. हट्ट करून बसले होते मी. दादा मागं कडब्यावर होते. कातळावर चाक चढलं आणि खालून असा आवाज आला, बंदुकीसारखा, आणि गाडी मागं जायला लागली. ब्रेक दाबला की न्हाई तेच आठवत न्हाई. मागं दरी, आणि आरशात दादा दिसत होते, कडबा धरून. मग एकदम थांबली. दादांनी उतरून मला बाजूला केलं आणि गावात येऊन सांगितलं, मीच चुकलो. वर्षभर लोक त्यांना हसतात, रामहरीला आता गाडी झेपत न्हाई. आणि ते ऐकून घेतात. म्हणून तर पाटे बसवले मी, कळलं का, दूधबिध नंतर. म्हणून वस्ती काढली नकाशातून. केशरकाकूंनी म्हणायच्या आधीच काढली होती. झालं समाधान?

काय म्हणालात? चाकामागं दगड? तो दगड तुमी लावला? मी म्हटलं आपोआप अडकली. आणि वर्षभर एका शब्दानं — तुमी माणूस हाय का काय हाय?

बसा. केबिनमध्ये न्हाई, मागंच बसा. आता खरंच लागतं वजन, रिकामी गाडी चढाला मागची चाकं घसरवते. केबिनची मागची काच फुटलीय, बोललेलं ऐकू येतं. धरून बसा. ही नदी. नदी कसली, वाळूच हाय. हे पहिलं वळण. बघा, पाटे कसे घेतात खड्डा, कळला पण न्हाई ना? दुसरं. कडेला बसू नका, मधे या. पहिल्या गिअरवर घेते. तो बघा कातळ. नाना, मी थांबवू का जरा? न्हाई, थांबले तर पुन्हा न्हाई उचलणार. बोला ना काहीतरी. तुमी नेहमी असे गप्प — बरं, नका बोलू, नका बोलू, नका—

.......

गेली. नाना, गेली ना? आहात ना मागं? जाड पाटा लागला बघा खालून, कळलं मला, असा हात दिल्यासारखा! आई शप्पथ.

कितीला? पाचला? पहाटे पाचला आधी वस्ती, आणि मग उतरताना गाव? म्हणजे सहाला मी खालच्या आळीत असतेच की. केशरकाकूंचं दूध एक मिनिट थांबत न्हाई. हे मला — माझ्या डोक्यात कसं — हो, चारला उठायचं नव्हतं मला, तेही एक. काकूंना मी सांगते, सभेच्या दारातच सांगते, शब्द फिरवला म्हणून. शिव्या देतील. देऊ द्या. आणि तुमी? तुमचं मत? सांगा ना. राधाकिशनरावांकडं बघणार न्हाई ना हात वर करताना? — बरं. नका सांगू. बायकोला सांगत न्हाई, मला काय सांगणार.

वळवते गाडी. आता नीट ऐका, नाना. उतारावर माझ्याशी एक शब्द बोलायचा न्हाई. ब्रेकचं काम राहिलंय अजून. लागतात, पण जरा उशिरा लागतात. आणि हे सभेत काढायचं न्हाई. हसू नका. धरा घट्ट, आणि गप्प बसा.