चौदा, ठिकाण सांगा

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू डॉ. हॅलोरन मॅडम, व्यासपीठावर विराजमान झालेले आमचे पोलीसप्रमुख कार्व्हर साहेब, पोहण्याच्या प्रशिक्षक पेट्रा लुंडीन, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती सार्जंट लायल बेकविथ, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि आयुष्यभर त्यांचं जेवण पुन्हा पुन्हा गरम करणाऱ्या त्यांच्या पत्नी जोलीन, आणि माझं भाषण कधी संपतं म्हणून केककडे डोळे लावून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी रॉबर्टा स्क्रोगिन्स. चेहरा ओळखीचा नसेल, आवाज नक्की असेल. पोलीस ठाण्याच्या तळघरात रेडिओसमोर बसते ती मीच. तुम्ही घाबरून फोन करता तेव्हा "आधी रडणं थांबवा आणि कुठे आहात ते सांगा" असं खेकसते, तीही मीच.

बावीस वर्षं मी या लायलच्या कानात बोलत आले आहे. बायकोचं तो कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. माझं मात्र प्रत्येक वेळी ऐकलं. जोलीन, नाही नाही म्हणून मान हलवू नकोस, हे तूच मला सांगितलं आहेस. आणि त्याला कारणही आहे. आमच्याकडे प्रत्येक अधिकाऱ्याला एक नंबर असतो. लायलचा चौदा. मी "चौदा, ठिकाण सांगा" म्हटलं, की हातातलं सँडविच टाकायचं, खांद्यावरच्या माइकचं बटण दाबायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं, तर माणूस संकटात आहे असं धरून सगळ्या गाड्या तिकडे धावतात. त्यामुळे उत्तर देण्याची ही सवय हाडात मुरते. लायलने एकदा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून उत्तर दिलं होतं, तोंडात कापूस कोंबलेला असताना! मला वाटलं, याला कोणीतरी बांधून ठेवलंय. दोन गाड्या पाठवल्या मी दवाखान्यावर. त्या डॉक्टरबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मंडळी, विद्यापीठाचा पोलीस व्हायला काय काय लागतं, कल्पना आहे? जाहिरातीत सगळं छापलेलं असतं. पोलीस अकादमी पूर्ण केलेली हवी, धावता आलं पाहिजे, नेम चांगला हवा, गाडीचा परवाना हवा, मागे कुठे भानगड केलेली नसावी. मग मानसोपचारतज्ज्ञ तासभर प्रश्न विचारून तुमचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघतो. लायल त्यात पास कसा झाला, हे कार्व्हर साहेबांनी आम्हाला कधीतरी सांगावं. पण ग्रंथालयाच्या दारात ठाण मांडलेल्या हंसांना कसं हाकलायचं, हे त्या जाहिरातीत कुठे असतं? मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळून, आगीचा भोंगा वाजवून अख्खं वसतिगृह बर्फात उभं करणाऱ्या पोराकडे रागाने कसं बघायचं, आणि तेही न हसता? आणि आपले ते गणिताचे प्राध्यापक! नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलेत. दर शरदात त्यांची गाडी चोरीला जाते, आणि दर शरदात लायलला ती दुसऱ्या पार्किंगमध्ये सापडते. "चोराने अगदी व्यवस्थित लावली आहे हो सर," असं म्हणून तो किल्ली हातात देतो. हे कोणत्या अकादमीत शिकवतात?

आणि आयांचे फोन! शिकागोहून एक बाई रडत फोन करते, पोरगा तीन दिवस फोन उचलत नाही. मी चौदाला पाठवते. तो दार ठोठावतो. आतून पायजम्यातला पोरगा बाहेर येतो, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट.

"ऑफिसर, मी काही केलं नाही!"

"तीच तर तक्रार आहे बाबा. लाव फोन आईला."

"नंतर लावतो."

"लाव. मी इथेच उभा आहे. मला घाई नाही, माझा पगार चालू आहे."

पोरगा फोन लावतो. आणि हा जाडजूड माणूस, कमरेला पिस्तूल, दाराच्या चौकटीला टेकून त्यांचं बोलणं संपेपर्यंत उभा! एकदा तर त्या आईने फोनवरून त्यालाच विचारलं, "जरा बघा ना, हा जेवतो का नीट?" लायलने फ्रिज उघडून आत काय काय आहे ते तिला वाचून दाखवलं. वाचायला फार वेळ लागला नाही, एक मोहरीच्या सॉसची बाटली होती.

असो. मला खरं सांगायचं आहे ते पोहण्याबद्दल. कोच पेट्रा आत्ताच हसायला लागल्या.

तुम्हाला आठवत असेल, काही वर्षांपूर्वी नवा नियम आला. बिल्ला लावणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याकडे पदवी हवी. जुन्यांना मुदत मिळाली. मुदतीत पदवी नाही घेतली, तर बिल्ला जमा करायचा आणि पार्किंगच्या खोक्यात बसून दांडा वरखाली करायचा. लायल हायस्कूलनंतर थेट शेरीफच्या कचेरीत लागलेला. पण त्याने तक्रार केली नाही. दर सत्रात जमतील तेवढे विषय घेतले, गणवेशातच वर्गात जाऊन बसायचा. पहिल्या दिवशी तो आत शिरला तेव्हा अर्ध्या वर्गाने आपापल्या बॅगा पायाखाली ढकलल्या म्हणे. हळूहळू समाजशास्त्राचे सगळे विषय सुटले. उरली ती आपल्या विद्यापीठाची जुनी खोड: पोहण्याची परीक्षा. स्विमिंग पूलच्या तीन फेऱ्या मारल्याशिवाय इथे कोणालाच पदवी मिळत नाही. का, ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं संस्थापकांचा मुलगा बुडाला होता, कोणी म्हणतं पूल बांधल्यावर त्यात उतरायला कोणी तयारच होईना.

आणि आपला लायल कोरड्या पश्चिम नेब्रास्काचा. गुरांच्या टाकीपेक्षा जास्त पाणी त्याने लहानपणी पाहिलेलं नाही.

यातून सुटायची वाट होती. डॉक्टरची चिठ्ठी आणली की परीक्षा माफ होते. कार्व्हर साहेब स्वतः माझ्यासमोर त्याला म्हणाले, "अरे, तुझा गुडघा दुखतो ना? दुखत नसला तरी दुखतो म्हण."

लायल म्हणाला, "साहेब, गुडघ्याचं जमेल. पण तळ्याचं काय करू?"

तळ्याचं म्हणजे, आदल्या वसंतात आपल्या आवारातल्या तळ्यावर घडलं ते. बर्फ नुकतंच वितळलं होतं आणि तीन शहाण्यांनी वसतिगृहाची गादी होडी म्हणून तळ्यात सोडली. गादी ती, मध्यावर जाऊन बुडाली. आधी ती पोरं हसत होती, मग हसणं थांबलं. लायल काठावर उभा. त्याने दोर फेकला, तो पोहोचला नाही. पुन्हा फेकला. शेवटी पोहण्याच्या संघातल्या एका मुलीने बूट काढून उडी टाकली आणि तिघांना एकेक करून आणलं. सगळे सुखरूप होते. ब्लँकेटं, गरम कोको, हसणं, सगळं झालं. पण लायलने त्या दिवशी रेडिओवर एकही थट्टा केली नाही. त्याला लाज वाटली होती, मंडळी. पोरं पाण्यात आणि आपण काठावर, ही गोष्ट त्याला सहन होत नव्हती. म्हणून त्याने चिठ्ठी आणली नाही.

मग हिवाळाभर सकाळी सकाळी आमचा सार्जंट नवशिक्यांच्या वर्गात, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून, हातात फोमची फळी धरून! पोरांना तर आयतं सापडलं. "ऑफिसर, पाण्यात वेगमर्यादा किती?" "ऑफिसर, मध्येच थांबू नका, तिथे पार्किंगला मनाई आहे!" बर्फात अडकलेल्या ज्यांच्या गाड्या त्याने ढकलल्या होत्या, तीच ही पोरं. तो हसायचा, नाकातलं पाणी शिंकरायचा आणि पुन्हा उतरायचा. कोच पेट्रांनी त्याला तरंगायला शिकवलं, हात मारायला शिकवलं. भीती तेवढी त्याच्याकडेच राहिली. परीक्षेत दोनदा तिसऱ्या फेरीला, खोल भागावर आल्यावर, त्याने बाजूचा दोर पकडला. दोराला हात लागला की नापास.

तिसरी वेळ शेवटची. पुढच्या महिन्यात मुदत संपत होती. जोलीनने मला फोन केला, "बर्टी, मी एकटी नाही बघू शकत, तू ये." मी तळघर सोडून सहसा कुठे जात नाही, पण गेले. बघते तर काय, पूलच्या कडेला ही गर्दी! ज्यांना आईला फोन लावायला लावला होता ती पोरं, पॉपकॉर्न जाळणारी पोरं, गणिताचे प्राध्यापकसुद्धा. आपली गाडी कुठे लावली ते विसरून आले असणार.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत खोल भागावर आला आणि थांबला. पाय मारतोय, पण पुढे सरकत नाही. चेहरा पांढरा पडला. जोलीनने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आणि मी पाहिलं, त्याचा उजवा हात पाण्यातून वर आला, दोराकडे निघाला.

मला दुसरं काही सुचलं नाही हो. मी माझ्या रेडिओच्या आवाजात ओरडले, "चौदा! ठिकाण सांगा!"

आणि तो हात दोराजवळून मागे फिरला. या माणसाने भर पाण्यात, उघड्याबंब खांद्यावर, नसलेल्या माइकचं बटण दाबलं आणि म्हणाला, "चौदा. खोल भागात." एक घोट पाणी पोटात गेलं. मग म्हणाला, "निघालो."

आणि खरंच निघाला! "निघालो" म्हटल्यावर न निघणं त्याला जमतच नाही. भिंतीला हात लागला तेव्हा जो कल्ला झाला, तो आपल्या फुटबॉलच्या मैदानावर मी कधी ऐकलेला नाही. मी रडले. कोच पेट्रा रडल्या. कार्व्हर साहेब आजही म्हणतात की त्यांच्या डोळ्यांत क्लोरिन गेलं होतं.

पुढच्या वसंतात तळ्यावर पुन्हा एक गादी आली, कारण आपली पोरं शहाणी होत नाहीत. या वेळी लायल तिच्या मागोमाग पाण्यात होता. गादी बुडायच्या आतच दोघांना कॉलर धरून काढलं आणि ओल्या गणवेशातच त्यांना आईला फोन लावायला लावला.

आता आवरते. मला बोलायची संधी दिल्याबद्दल कुलगुरू मॅडमचे आणि साहेबांचे आभार. घरून बटाट्याचा कॅसेरोल भाजून आणणाऱ्या सगळ्यांचे आभार. मी मोजले नाहीत, पण गरजेपेक्षा जास्त आहेत. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते सार्जंटच्या नावावर टाका. तो निवृत्त होतोय, आता त्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही.

जाता जाता एकच काम. आमच्यात निवृत्तीच्या दिवशी रेडिओवरून शेवटची हाक द्यायची पद्धत आहे. हा माझा रेडिओ. सगळ्या गाड्या ऐकताहेत.

चौदा, ठिकाण सांगा.

पाहिलंत? गेला हात खांद्यावर! अरे, तो जोलीनने घेतलेला नवा कोट आहे, तिथे माइक नाही. तसाच बोल. काय? मोठ्याने बोल लायल, मागच्यांना ऐकू आलं नाही. मीच सांगते. तो म्हणतोय, "चौदा. जोलीनच्या शेजारी. पोहोचलो."

ऐकलं, चौदा. यापुढे तू कुठे आहेस ते मला सांगायची गरज नाही.

तरी अधूनमधून सांगत जा.