मेलेली दाढ

किडलेली दाढ काढूनच टाकायची, असं ठरवून इचरजबाई जालन्याच्या दातांच्या डॉक्टरकडं सुजल्या गालाला पदर दाबून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर हसनाबादचे काकासाहेब पाटील आणि कापडवाले पुखराजशेठ रंगात आले होते.

"पाटील, मी तर सगळे दात काढून नवी कवळी बसवली. हे बघा!"

"घाला, घाला ती तोंडात! बाईमाणसं बसलीत."

"तुमची ती दुखरी दाढ कुठाय?"

"जागेवर हाय. डॉक्टरनं सुई देऊन वरून भोक पाडलं, आतली सडकी नस काढली, मुळापर्यंत साफ केलं अन् मसाला भरून बंद केली."

"नसच न्हाई, मंग दाढ मेली की!"

"मरंना. माळवदाखालचा खांब बी मेलेलं लाकूडच असतो, शेठ. तरी अख्खं घर पेलतो का न्हाई?"

"बराबर, पण माझे दात दिसायला एक नंबर."

"हायेत की. फक्त ते रात्री वाटीत झोपतेत. माझी दाढ माझ्यापाशी झोपती."

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. "चला इचरजबाई, दाढ काढायची ना?"

इचरजबाईंनी गालावरचा पदर सोडला आणि ताठ उठल्या.

"नस काढा, डॉक्टरसाब. खांब राहू द्या."