फोटोंना फिट्स

…हात लावू नका म्हणे! अहो, मी काय विंचू आहे? आपल्याच घरात, आपल्याच टेबलाला हात लावू नका! बरं, सुरुवात केली कुणी? सूनबाईनं. आतल्या खोलीतनं फोनवर किंचाळली, "आज सगळ्यांना फिट्स करायचंय!" आता फिट म्हटल्यावर तुम्ही काय कराल? मी अर्धा चिरलेला कांदा घेऊन धावले! बघते तर मुलगा ठणठणीत, सून ठणठणीत… आता हुंगवू कुणाला? "फिट कुणाला आलीय गं?" तर म्हणते, "आई, फोटोंना!"

दिला मग कांदा कॉम्प्युटरच्या नाकाशी. "आई, हात लावू नका!"

मग समजावलं तिनं. गुणाची आहे हो, माझ्यावर चिडते पण समजावते. थंडीत गॅलरीत कुडकुडून एका ताऱ्याचे ढीगभर फोटो काढलेत बाईनं. तारा कसला? मधेच उजळतो, मधेच विझल्यासारखा होतो, अगदी आमच्या जिन्यातला दिवा. हे फोटो संध्याकाळच्या आत मोठ्या दुर्बिणीवाल्यांकडे गेले तर तिला ती दुर्बीण वापरायला मिळणार. पण त्यांना साधे फोटो चालत नाहीत! साध्या फोटोला कॅमेरा पावडर फासतो म्हणे. त्यांना हवेत तोंडसुद्धा न धुतलेले, कच्चे, आणि तेही 'फिट्स' नावाच्या पेटीत बसवून. त्या पेटीच्या कपाळावर लिहायचं, कधी काढला, कुठनं काढला… आणि काढला कुणी!

तिथंच तर सगळं पेटलं!

सूनबाईला कामावर बोलावणं आलं. नवऱ्याला म्हणाली, "नाव विचारलं की माझं टाक, मग बटण दाब." ती जिना उतरते न उतरते तोच आमचा लाडोबा म्हणतो, "कॅमेरा माझा, तर नाव माझं!" मी म्हटलं, "अरे मेल्या, खाट दवाखान्याची होती, म्हणून तुझ्या जन्मदाखल्यावर आई म्हणून दवाखान्याचं नाव घालू का?" तर म्हणतो कसा, "आई, तुला यातलं कळत नाही. हात लावू नकोस!"

आणि स्वतःचं नाव टाकून चालला अंघोळीला! टॉवेल खांद्यावर, शीळ तोंडात. बटण दाबायचं म्हणे बाहेर आल्यावर.

तुम्हाला सांगते, माझ्या हाताला अशी खाज सुटली! रात्ररात्र नाक गळत होतं कुणाचं? तिचं! आणि नाव याचं? मी जिवंत असताना? खोडलं! एकेक अक्षर टकाटक खोडलं! आता तिचं घालायचं… तर तिचं नाव हे एवढं लांब, मधे दोन जोडाक्षरं. मला ती मराठीत धड जमत नाहीत, इंग्रजीत कुठनं जमणार? आणि तोंडात तरी कधी आलंय ते माझ्या? लग्न झाल्यापासून ती सूनबाई म्हणजे सूनबाई! मग एका बोटानं शोधून शोधून तेच घातलं. एस… यू… एन… बी कुठं दडून बसलं होतं कोण जाणे… ए… आय. सुनबाई! आणि दाबलं बटण!

सगळ्या फोटोंच्या कपाळावर, बघा, सुनबाई! लाडोबा न्हाऊन आला, काम झालेलं बघून खूश, न वाचताच दिले पाठवून. स्वतःचंच नाव आहे असं वाटलं ना त्याला!

आठवड्यानं उत्तर आलं. सूनबाई वाचते नि डोळे मोठे करते: "प्रिय डॉक्टर सनबाय, फोटो उत्तम. दुर्बीण तुमची." तारे बघणाऱ्या बाईचं नाव सनबाय! तिकडच्यांना ते फार आवडलं म्हणे! ती हसतेय, रडतेय, माझा गालगुच्चा घेतेय… लाडोबा मात्र, "आई, तू हात लावलास?" लावला! परत लावीन! काय करशील?

तर मेलं पुढचं निघालंच. दुर्बिणीच्या फाटकावर ओळखपत्र दाखवायचं, आणि तिच्या ओळखपत्रावर सनबाय कुठाय? तिनं कळवलं, नाव चुकलंय. तिकडनं उलट टपाली, फाईलीतलं नाव तेच खरं. फार तर घरच्या कुणीतरी समक्ष येऊन ओळख पटवावी.

दुर्बीण कुठल्याशा डोंगराच्या टोकावर, माझे गुडघे हे असे, वर बसमध्ये मला उलट्या… पण ही सूनबाईच आहे, हे शपथेवर सांगणारी सासू दुसरी आणायची कुठनं? भरतेय आपली पिशवी.