वायपरची मोटर

मला एक सांगा, गाडीपेक्षा बॅटरीच जड असली तर गाडी पळणार कशी? अजून कुणी सांगितलं नाही. थोरल्या भावाला विचारलं, तर म्हणायचा, “गप रं, पलटणीत वायरलेसवर मी हाय का तू?”

सुट्टीवर आला की दादा वायरलेसवर पळणारी खेळण्यातली गाडी बनवत बसायचा. सांगलीच्या भंगारातून त्यानं जीपच्या वायपरची मोटर आणली. तिला ट्रॅक्टरची बॅटरी लागली. गाडी जागेवरच गुरगुरायची.

मी म्हणायचो, “टेपरेकॉर्डरची मोटर लाव, टॉर्चच्या सेलवर पळंल.” ऐकेल तर शपथ.

परवा कृष्णेच्या घाटावर त्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. त्या गाडीला कायम हसणारे काका हात जोडून म्हणाले, “बाळा, तुझ्या आईला मी सांभाळतो.” कावळ्यानं तोंड फिरवलं. काकांना तोही ओळखत असावा. मामा म्हणाले, “धाकट्याचं लगीन लावून देतो.” कावळा पंख खाजवत बसला.

शेवटी मी पुढं झालो. “दादा, तुझंच खरं. वायपरचीच मोटर ठिवतो.”

शब्द पुरा व्हायच्या आत कावळ्यानं पिंडाला चोच मारली. मेल्यावरही त्याला जिंकायचंच होतं.

जिंकू दिलं.