डॉक्टरांच्या पाठीमागून

वहिनी, मुलांनो, खडकीतल्या जुन्या खेळाडूंनो,

मला बोलायला उभं करू नका, असं मी सांगितलं होतं. पण रशीदच्या शोकसभेत बोलायला अशोकशिवाय कोण, असं सगळे म्हणाले. म्हणून उभा आहे.

आपल्या पुण्यात रग्बी खेळतो म्हटलं की लोक विचारायचे, "का हो, क्रिकेट जमलं नाही का?" त्या पुण्यातून रशीद देशाच्या संघात गेला. अकरा वर्षं फॉरवर्ड म्हणून खेळला. डोकं खाली घालून समोरच्या आठ जणांना रेटायचं, हे त्याचं काम. शेजारी त्याच्या खांद्याला धरून मी असायचो, फक्त क्लबात. माझी मजल तेवढीच.

आत्ता कुणीतरी म्हणालं, रशीदने कधी मैदान सोडलं नाही. खरं आहे. मी सोडू दिलं नाही.

देशाच्या संघाच्या निवड चाचणीचा सामना होता. चाचणीपुरता मीही होतो. रशीदच्या डोक्याला जबर मार बसला. डॉक्टर धावत आले. नेहमीचे तीन प्रश्न, उत्तर चुकलं की खेळाडू बाहेर. मैदान कुठलं? सामना कुणाशी? गुण किती?

रशीद नुसता बघत होता. त्याला काही आठवत नव्हतं. मी डॉक्टरांच्या पाठीमागे उभा होतो. पहिल्या दोन्हींची उत्तरं ओठांनी सांगितली. गुण बोटांवर दाखवले.

तो उठला, खेळला, निवडला गेला. खडकीत पेढे वाटले. मीच वाटले.

पुढे क्लबाच्या सामन्यांत हे किती वेळा केलं? वहिनी, मला मोजता येत नाही.

पन्नाशीतच त्याचं विसरणं सुरू झालं. ते त्या माराचंच, असं डॉक्टर म्हणाले. गॅलरीत बसून तो मला विचारायचा, "अशोक्या, स्कोअर किती?" मी बोटं दाखवायचो. तो खूश व्हायचा. तुम्ही चहा आणायचात आणि हसायचात. तुम्हाला वाटायचं, दोस्तांचा खेळ चाललाय. मी तो चहा प्यायचो, वहिनी. कसा प्यायचो, माहीत नाही.

अजूनही रोज पहाटे तो विचारतो. घरात कुणी नसतं. बोटं आपोआप उघडतात.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. त्याआधी एकच वाक्य. त्या दिवशी बोलायचं होतं, आज बोलतो.

डॉक्टर, ह्याला काही आठवत नाहीये. ह्याला बाहेर घ्या.