त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर?

...आणि फोनवरची ती विमा कंपनीची पोरगी, केल्सी, मला सांगते, "सर, तुमच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघालाय." अगं बाई, निघालाय तर गेला कुठे? इथेच बसलाय की! तर म्हणते, "सर, एका डोळ्यातून मोतीबिंदू एकदाच काढता येतो, दुसऱ्यांदा मंजुरी नाही." जसा काही मी जेवणाच्या पंगतीत परत ताट पुढे केलंय!

तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी या गावात शाळेची बस चालवलीय. नेब्रास्काच्या बर्फात, वादळात, एका पोराला खरचटलं नाही! हा डोळा झाला नाही तर बस गेली, आणि बस गेली तर दिवसभर घरात आर्लीनसमोर... म्हणजे माझ्या बायकोसमोर. ऑपरेशनची घाई तिलाच जास्त होती, कळलं ना?

तर ऑपरेशनच्या दिवशी झालं असं, मला टेबलावर झोपवलं, तोंडावर निळं फडकं, आणि डॉक्टर फेनविक म्हणतात, "लॉइड, अगदी स्वस्थ पडा." पडलो की! फक्त त्या वर्षी गारपिटीत बसची काच कशी फुटली तेवढं सांगत होतो... "लॉइड, तोंड हललं की डोकं हलतं, डोकं हललं की डोळा हलतो!" मी म्हटलं, अगदी बरोबर डॉक्टर, आमच्या बसच्या आरशाचंही तेच, तर तेव्हा काय झालं... आणि त्यांनी हातमोजे काढून आपटले हो! "उतरवा याला!" एवढा शिकलेला माणूस, पण ऐकून घ्यायची सवय नाही. तर ऑपरेशन थांबलं. आणि थांबलं म्हणजे झालं नव्हे!

म्हणून केल्सीचा तो फोन आल्यावर गेलो हॉस्पिटलच्या तळघरात. तिथे मार्लिसबाई बसतात, बिलांवर आकडे घालायला. बाई काय म्हणाव्यात? "थांबलेल्या कामापुढे आकडा लागतो. डोळा बधिर करण्याआधी थांबलं तर त्र्याहत्तर, नंतर थांबलं तर चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी काहीच लिहिलं नाही, म्हणून मी काहीच लावलं नाही."

"आणि काहीच लावलं नाही की?"

"की पूर्ण झालं, असं धरतात."

घ्या! म्हटलं, बाई, थांबलं ते तुम्हाला माहीत होतं ना? तर म्हणे, "मला माहीत असून काय उपयोग? कागदाला माहीत पाहिजे." काय ही अक्कल! थांबलं म्हणजे झालं नव्हे, हे माझ्या बसमधलं पहिलीतलं पोर सांगेल! वर मलाच विचारतात, "डोळ्यात बधिर करायचं औषध घातलं होतं का?" मला काय माहीत? मी गारपिटीचं सांगत होतो! डॉक्टरांना गाठलं, तर तोंड कडू करून म्हणतात, "औषधाचं आठवत नाही, लॉइड. गारपीट मात्र अजून आठवते."

शेवटी मार्लिसबाईंनी तोडगा काढला. दुसऱ्या डॉक्टरकडून लिहून आणा, की या डोळ्याने दिसत नाही. आणलं! त्याने विचारलं, सगळ्यात वरचं अक्षर कोणतं? मी म्हटलं, अक्षराचं राहू द्या, पाटी कुठाय? झकास शेरा मिळाला! तीन आठवड्यांनी केल्सीचा फोन, आवाजात अगदी लाडू फुटतायत... "अभिनंदन सर! तुम्हाला दिसत नाही हे आम्हाला मान्य आहे! ऑगस्टची तारीख घ्या." जिंकलो की नाही? थांबलं म्हणजे झालं नव्हे, हे त्या दगडांच्या डोक्यात घातलं की नाही?

पण विमा शाळेकडून, म्हणून त्या कागदाची एक प्रत गेली शाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक दारात! "लॉइड, वाईट वाटतं हो, पण असं लेखी आल्यावर बस कशी देऊ?" आणि बत्तीस वर्षांच्या चाव्या माझ्या हातातून घेऊन गेला.

आणि आर्लीन? दुपारी गेली आणि शाळेच्या भोजनगृहात नोकरी धरून आली. त्रेसष्टाव्या वर्षी, सहा ते चार! वर शनिवारीही जाते, भांडी मोजायला म्हणे. घरात मी एकटा... अहो, उठताय कुठे? बसा की, ऑगस्टपर्यंत मला वेळच वेळ आहे.